केल्याची जाणीव आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: "आई-वडील, नवरा, मोठी बहीण आणि दोन जुन्या मैत्रिणी यांच्यामुळे मी आज उभी आहे, हे मला पक्कं कळतं. पण ते त्यांना सांगायला गेलं की जीभ जड होते. घरच्यांना 'थँक यू' म्हटलं तर परक्यासारखं वाटतं. भेटवस्तू दिली तर 'कशाला उगाच खर्च केलास' असं ऐकावं लागतं. बाबा तर सरळ विषयच बदलतात. मग नेमकं करायचं तरी काय?"

मी कौटुंबिक समुपदेशन करते आणि या प्रश्नाची दुसरी बाजू बरीच वर्षं ऐकत आले आहे. "एवढं केलं, पण कुणाला त्याचं काही आहे का?" असं म्हणणारी माणसं समोर बसलेली असतात. त्यांना मी विचारते, घरच्यांनी काय केलं असतं म्हणजे बरं वाटलं असतं? त्यावर भेटवस्तूचं नाव क्वचितच निघतं. आभारही फारसे कुणी मागत नाही. बहुतेकांचं म्हणणं असतं, "निदान कुणाच्या लक्षात तरी यायला हवं होतं." तेव्हा तुम्हाला माझं सांगणं असं, की आधी त्या माणसानं काय केलंय ते नीट बघा आणि मग जे दिसलं तेवढंच सांगा. सल्ले बहुतेक बोलण्याबद्दलच मिळतात. मी बघण्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते नीट झालं की जीभ जड होण्याचं कारण बरंचसं उरत नाही.

रोजच्या माणसांनी केलेलं आपल्याला दिसतच नाही, आणि त्यामागे दरवेळी कृतघ्नपणा असतो असं नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोंना त्यांनी वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामाहून जास्त भरली. यात कुणी खोटं बोलत होतं असं समजायचं कारण नाही. स्वतः केलेलं काम चटकन आठवतं, कारण ते करताना आपण तिथे असतो. दुसऱ्याचं काम आपल्यापर्यंत तयार होऊनच पोचतं, त्यामागची धडपड पोचत नाही.

त्यातही सगळ्यात कमी दिसतं ते लक्षात ठेवण्याचं काम. औषध संपायच्या आत आणणं, अर्जाची शेवटची तारीख ध्यानात ठेवणं, घरातल्या दोघांत ठिणगी पडणार हे ओळखून विषय दुसरीकडे वळवणं, आजारी माणसाचा आवाज जरा बदलला तरी टिपणं. ही कामं चोख झाली की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. चुकली की मात्र सगळ्यांना दिसतात. वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्या माणसाला फक्त चुकीच्या दिवशीच आपली आठवण होते असं वाटू लागलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून मी एक साधा अभ्यास देते. एक माणूस निवडा आणि आठवडाभर रोज रात्री दोन ओळी लिहा: आज या माणसामुळे मला काय करावं लागलं नाही? कशाची काळजी करावी लागली नाही? 'तिनं आज काय केलं' असा प्रश्न घेतला तर नेहमीचीच चार ठळक कामं कागदावर येतात. 'मला काय करावं लागलं नाही' असं विचारलं की न दिसणारी कामं वर येऊ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुचेनासं झालं तर त्या माणसालाच विचारा. "हे सगळं तू लक्षात कसं ठेवतेस?" हा प्रश्न खऱ्या कुतूहलानं विचारला तर तीच मोठी पावती ठरते.

एका जोडप्यात नवऱ्याचं म्हणणं होतं, की मी बायकोला नेहमी चांगलंच म्हणतो, तरी ती नाराज. त्याच्या आजारी वडिलांचं सगळं ती बघत होती. ती काय काय करते ते मी त्याला लिहायला सांगितलं. त्यानं चार कामं लिहिली. मग तिनं तिच्या दिवसाचा क्रम सांगितला आणि तो ऐकत राहिला. मध्येच त्यानं विचारलं, "म्हणजे पहाटेच्या गोळीसाठी तू रोज गजर लावून उठतेस? मला वाटायचं, बाबाच उठवतात." त्यानं त्या दिवशी आभार मानले नाहीत, कौतुकही केलं नाही. पण पुढच्या भेटीत तिनं सांगितलं, की एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या बाजूला उभं राहिल्यासारखं वाटलं. पहाटेची गोळी तोवर त्यानं स्वतःकडे घेतली होती, हेही नोंदवून ठेवते. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता बोलण्याकडे येऊ. "माझ्यासाठी तू खूप केलंस" हे वाक्य खोटं नसतं, पण ते कुणीही कुणालाही म्हणू शकतं. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही. सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात ते तपासलं. आभार मानणारा फक्त आपल्याला काय मिळालं ते सांगतो, की समोरच्याच्या वागण्यातलं, स्वभावातलं चांगलं काय ते सांगतो, असा फरक त्यांनी पाहिला. ज्याचे आभार मानले गेले त्याला जवळीक वाटली ती दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यानं. आपल्या नेहमीच्या बोलण्यावर हे लावून बघा. "तू आलीस म्हणून माझं टेन्शन गेलं" या वाक्यात सगळं माझ्याबद्दल आहे. "तुझी स्वतःची परीक्षा तोंडावर होती, तरी तू दोन रात्री माझ्याजवळ थांबलीस. माणूस अडचणीत असताना तू हिशेब करत बसत नाहीस" यात ती आहे. तिनं काय केलं, त्यासाठी तिला काय बाजूला ठेवावं लागलं आणि त्यातून ती कशी आहे हे कळतं, एवढं आलं की पुरे. त्यानंतर तुमच्या आयुष्यात काय बदललं तेही सांगा, पण आधी ती, मग तुम्ही.

जीभ जड होते, त्याबद्दल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज आधी विचारून ठेवला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण बरंच कमी वाटलं. शब्द नीट जमले की नाहीत ही काळजी लिहिणाऱ्याला होती, वाचणाऱ्याला मात्र त्यातला जिव्हाळाच जाणवला. मला या अभ्यासातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. पत्रात आभाराची जी कारणं होती, ती वाचून माणसं लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त चकित झाली. 'तिला माहीतच आहे' हे आपण धरून चाललेलो असतो, आणि तिला बऱ्याचदा माहीत नसतं.

तुमच्या जुन्या मैत्रिणींबाबत हेच लागू पडेल. नोकरी सोडायची की नाही यावर तुमच्या मनाची घालमेल चालली असताना तिनं फोनवर एक वाक्य म्हटलेलं असतं. तिच्या दृष्टीनं ती शेकडो फोनांतला एक फोन. तुम्ही त्या वाक्यावर पुढची पाच वर्षं काढलेली असतात. असं काही असेल तर तिला कळवा. जुन्या माणसांना सांगण्यासारखं यापेक्षा चांगलं काही नसतं: त्या दिवशी तू हे म्हणालीस, त्यानंतर मी असं केलं, आणि म्हणून आज इथे आहे. त्याला निमित्त लागत नाही. उलट वाढदिवसासारख्या दिवशी सगळेच चांगलं बोलतात, त्यात तुमचं खरं बोलणं वाहून जातं. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी आलेला मेसेज जास्त लक्षात राहतो.

घरच्यांना 'थँक यू' म्हणताना परकेपणा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. ते वाटणं चुकीचं नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही. सिमियन फ्लॉइड, निक एनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी जगातल्या आठ भाषांमधली घरगुती, रोजची संभाषणं तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. हे दे, ते धर, जरा सरक अशा छोट्या मागण्या पुऱ्या झाल्यावर आभाराचे शब्द साधारण वीसातून एकदाच उच्चारले गेले होते. जवळच्या माणसांत मदत गृहीत असते, आणि गृहीत असणं हाही विश्वासच आहे. त्यामुळे पाण्याचा ग्लास हातात दिला म्हणून आभार मानायची सवय लावून घेऊ नका, घर कार्यालयासारखं वाटू लागेल. शब्द राखून ठेवा ते तीन ठिकाणांसाठी: कुणी स्वतःची गैरसोय करून काही केलं तेव्हा, कुणी रोज न दिसणारं काही करत राहतं तेव्हा, आणि जुनी एखादी गोष्ट आज उमगली तेव्हा.

आता पहाटेच्या गोळीकडे. सगळ्यात जास्त कळकळीनं सांगावंसं वाटतं ते इथे. कौतुकानं कुणाचं ओझं हलकं होत नाही. "तू आहेस म्हणून हे घर चाललंय" हे ऐकून पहिल्या वेळी डोळे भरून येतात. दहाव्या वेळी त्यातून ऐकू येतं, की हे घर यापुढेही तूच चालवायचंस. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० मध्ये दाखवलं, की एकदा मदत करणाऱ्याचे मनापासून आभार मानले तर तो पुन्हा मदत करण्याची शक्यता खूप वाढते. त्यांच्या एका प्रयोगात नुसती पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्के लोकांनी दुसऱ्यांदा मदत केली, तर आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के लोकांनी. आपली कुणाला किंमत आहे असं वाटणं, हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. हे आकडे वाचून मला आनंद होतो आणि धास्तीही वाटते. धास्ती अशासाठी, की घरातला जो माणूस आधीच दमलेला आहे, त्याला चार गोड शब्दांवर आणखी वर्षभर राबवून घेता येतं. पुष्कळ घरांत ते नकळत चाललेलं असतं.

त्यासाठी दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. पहिली, कौतुकाच्या पाठोपाठ काम सांगू नका. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, तेवढं याही वेळी तूच बघ ना" असं एकदा झालं, की पुढच्या प्रत्येक कौतुकाच्या वेळी समोरचा माणूस सावध होतो. मागायचं असेल तर मागा, पण वेगळ्या दिवशी आणि सरळ. दुसरी, ज्या कामाबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात त्याचा एक तुकडा उचला. तो एक दिवस मदत म्हणून करायचा नाही, कायमचा स्वतःकडे घ्यायचा, आठवण ठेवण्यासकट. "काही मदत लागली तर सांग" असं म्हटलं की काम वाटून देण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. "गुरुवारचं डॉक्टरकडे नेणं यापुढे माझं" हे वाक्य बोलून पाळलं, तर त्यावर वेगळं कौतुक नाही केलं तरी चालेल.

त्याच ओघात, त्यागाचे गोडवे गायचे टाळा. "आईनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही" असं चारचौघांत म्हटलं की त्या आईला आता काही मागायची सोय राहत नाही. त्याऐवजी तिचं कौशल्य सांगा, तिचा निर्णय सांगा, तिची विनोदबुद्धी सांगा. माणसाला तो जसा आहे तसा दिसल्याचं सुख वेगळं असतं. तुमच्या मोठ्या बहिणीनं लहानपणापासून तुम्हाला सांभाळलं असेल, पण ती नुसती सांभाळणारी नाही. तिला काय आवडतं, सध्या ती कशात रमली आहे, तिला काय जमलंय, हे शेवटचं कधी विचारलं होतंत?

इथे एक गोष्ट सहज सुटते. दाद फक्त केलेल्या उपकारांना द्यायची असते असं थोडंच आहे? शेली गेबल यांच्या संशोधनात असं दिसलं, की जोडीदारानं आनंदाची बातमी सांगितल्यावर आपण कसे वागतो, याचा नात्यातल्या समाधानाशी जवळचा संबंध आहे. बहीण सांगते, "माझा प्रस्ताव मंजूर झाला," आणि आपण मोबाइलमधून डोकं वर न काढता "अरे वा" म्हणतो. त्यापेक्षा मोबाइल खाली ठेवून विचारा: कधी कळलं? सगळ्यात अवघड भाग कोणता होता? आधी कुणाला सांगितलंस? पाच मिनिटं लागतात.

भेटवस्तूबद्दल फार लिहीत नाही. 'कशाला खर्च केलास' हा नकार समजू नका. बऱ्याच जणांना स्वीकारणं जमत नाही, म्हणून ती माणसं तसं बोलतात. वस्तू महाग असण्यापेक्षा, त्यांनी कधीतरी सहज बोललेलं तुम्ही ऐकून ठेवलं होतं हे तिच्यातून कळलं पाहिजे. समाजमाध्यमांवर जाहीर कौतुक करायचं असेल तर आधी त्या माणसाचा स्वभाव बघा. काहींना ते फार सुखावतं, काहींना चव्हाट्यावर आणल्यासारखं होतं. आणि जाहीर लिहिलंत तरी प्रत्यक्ष सांगायचं शिल्लकच राहतं.

पत्र मात्र जरूर लिहा. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काही उपक्रमांची तुलना केली होती. त्यांतल्या एकात लोकांनी ज्यांचे कधी नीट आभार मानले नव्हते अशा माणसाला पत्र लिहायचं आणि ते स्वतः जाऊन द्यायचं होतं. लिहिणाऱ्यांच्या आनंदात सुरुवातीला सगळ्यात मोठी वाढ याच उपक्रमानं झाली. ती महिनाभर टिकली, पण तीन महिन्यांनी उरली नव्हती. यावरून मला एवढंच म्हणायचंय, की एक मोठं पत्र लिहून वर्षभराची बेगमी होत नाही. पत्र एकदा, आणि मधल्या काळात छोटं छोटं सांगणं चालू. पत्र पानभर पुरे. एकच प्रसंग घ्या आणि तो तपशिलात लिहा, सगळं आयुष्य कोंबू नका. त्यात जुनी तक्रार नको आणि माफीही नको. माफी मागायची असेल तर ती स्वतंत्र मागावी, नाहीतर वाचणाऱ्याला तुमचं सांत्वन करावं लागतं. शक्य असेल तर समोर बसून वाचून दाखवा. आवाज दाटून आला तर थांबा आणि पुन्हा सुरू करा, त्यात बिघडत काही नाही.

काही नाती सरळ नसतात. ज्यानं शिकवलं त्यानंच अपमानही केलेला असतो, ज्यानं जपलं त्यानंच कोंडूनही ठेवलेलं असतं. अशा माणसाबद्दल खोटं गोड बोलायची गरज नाही. जेवढं खरं आहे तेवढं सांगता येतं: "गणित तुम्ही शिकवलंत, ते आजही उपयोगी पडतं." एवढं म्हटल्यानं बाकीचं माफ झालं असं होत नाही. आणि ज्या नात्यात मार किंवा सततची दहशत आहे, तिथे कृतज्ञता दाखवायचं बंधन तुमच्यावर नाही. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता.

जाता जाता, उलट दिशेचंही सांगते. तुमच्याबद्दल कुणी असं काही बोललं तर "त्यात काय एवढं" म्हणून झटकून टाकू नका. समोरच्यानं धीर गोळा करून ते म्हटलेलं असतं. "हे तू सांगितलंस, बरं वाटलं" एवढं म्हणून क्षणभर तिथेच थांबा.

आता बाबा. विषय बदलणाऱ्या माणसाला ऐकायचं नसतं असं नाही, ऐकताना चेहऱ्याचं काय करावं ते त्याला कळत नाही. म्हणून समोरासमोर बसवून बोलू नका. गाडीतून जाताना, चालताना, काहीतरी दुरुस्त करताना बोला, म्हणजे दोघांची नजर दुसरीकडे असते. दोन वाक्यांत सांगा आणि विषय तुम्हीच बदला, त्यांना पळवाट शोधावी लागणार नाही. किंवा त्यांनी शिकवलेलं तुम्ही कुठे वापरलंत ते बातमीसारखं सांगा: "तुम्ही कागदपत्रं जशी लावून ठेवता तशीच मी ठेवली होती, परवा बँकेत दहा मिनिटांत काम झालं." यावर ते बहुधा बँकेबद्दल बोलतील, कोणता कागद होता, शिक्का कुठे मारला, हे विचारतील. त्या प्रश्नांची नीट, सावकाश उत्तरं द्या. तेवढा वेळ ते त्याच विषयात असतात.